शोक : एके काळी जळणारा शब्द

१. घरात न बोलला जाणारा शब्द

जवळचे कुणी गेले की मराठी माणूस काय म्हणतो? ‘फार वाईट झालं’, ‘जिवाला लागलं’, ‘चटका लावून गेला’. ‘मला शोक झाला’ असे घरात कुणी म्हणत नाही. पण त्याच घटनेची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते तेव्हा गावावर शोककळा पसरलेली असते, कुटुंब शोकसागरात बुडालेले असते, निधनाच्या जाहिरातीच्या तळाशी ‘शोकाकुल’ असे लिहून नातेवाइकांची नावे दिलेली असतात. पुढे शोकसभा होते आणि माणूस सार्वजनिक जीवनातला असेल तर विधिमंडळात शोकप्रस्ताव मांडला जातो. म्हणूनच भाषेविषयी कुतूहल असणारे वाचक विचारतात, की शोक आणि दुःख यांत फरक तो कोणता? मोठे दुःख म्हणजे शोक, हे उत्तर टिकत नाही, कारण एकुलता मुलगा गमावलेली आई दुःखच म्हणते. शोक हा संस्कृत आणि दुःख हा मराठी, हेही खरे नाही. दोन्ही शब्द संस्कृत आहेत. (वाचनाचा किंवा गाण्याचा ‘शौक’ मात्र अरबीतून आलेला निराळा शब्द आहे. त्याचा इथे संबंध नाही.) उत्तर हवे असेल तर या शब्दाने केलेला प्रवास पाहावा लागतो आणि तो प्रवास आगीपासून सुरू होतो.

शोक हा मुळात आगीचा शब्द आहे, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. त्यापुढे लगेच सांगितले जाते, की दुःखाने मन जळते म्हणून कवींनी दुःखाला शोक म्हटले. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, की हे दुसरे विधान घाईचे आहे. आग आणि दुःख यांच्या मधे आणखी एक मुक्काम होता, आणि तो शरीरात होता. जुन्या लोकांनी दुःखाला आगीची उपमा दिली असे म्हणण्यापेक्षा, अंगात शिरलेली खरीखुरी आच ते या शब्दाने सांगत होते, असे म्हणायला पुरावा अधिक आहे.

२. एक धातू आणि त्याचे उजळ कुटुंब

संस्कृत व्याकरणात शब्दाच्या गाभ्याला धातू म्हणतात. कणकेच्या एकाच गोळ्यातून पोळी, पुरी, फुलका होतो तसे एका धातूतून अनेक शब्द होतात आणि त्यांच्या चवीत गोळ्याची चव थोडीफार राहते. शोक या शब्दाचा धातू आहे शुच्. त्याची बाकीची अपत्ये पाहिली की घराण्याचा स्वभाव ताबडतोब कळतो. शुक्र म्हणजे झळझळीत. म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी सर्वांत तेजस्वी दिसणाऱ्या ग्रहाला ते नाव मिळाले आणि आपल्या शुक्रवारात ते रोज वापरात आहे. शुक्ल म्हणजे पांढरा, उजळ. म्हणून चंद्र वाढत जातो तो शुक्ल पक्ष. शुचि म्हणजे आधी लखलखणारा आणि नंतर पवित्र. शोचिस् म्हणजे ज्वाळा. ऋग्वेदात शुचि हे अग्नीचे आवडते विशेषण आहे आणि शोक हे नाम तिथे मुख्यतः ज्वाळा, झळाळी, आच अशा अर्थांनी येते. पहिल्या मंडलातल्या ९७व्या सूक्तात तर आठही ऋचांच्या शेवटी एकच पालुपद आहे. अग्नीने झळाळून आमच्यातले पाप दूर जाळून टाकावे, अशी त्यात विनवणी आहे आणि ‘झळाळून’ हा अर्थ सांगणारे रूप याच शुच् धातूचे आहे.

हा निष्कर्ष केवळ आजच्या भाषाशास्त्रज्ञांचा आहे असे कुणी समजू नये. वैदिक शब्दांची जी जुनी यादी ‘निघंटु’ या नावाने आपल्याकडे आली, तिच्यात ‘शोचति’ हे क्रियापद ‘जळणे, पेटणे’ या अर्थाच्या गटात घातले आहे. त्या यादीवर ‘निरुक्त’ हा ग्रंथ लिहिणारा यास्क शुचि शब्दाची फोड करताना हा धातू ज्वलनाचा आहे असे मुद्दाम सांगतो. हे मुद्दाम सांगणे मला महत्त्वाचे वाटते. जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती कुणी सांगत बसत नाही. यास्काच्या काळात ‘शोचति’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात आधी दुसराच अर्थ येऊ लागला असावा.

३. तापलेले अंग, सळईत उतरलेली वेदना

आता मधला मुक्काम. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातले २५वे सूक्त ‘तक्मन्’ या रोगाला उद्देशून आहे. तक्मन् म्हणजे ताप. सूक्तकर्ता त्याला हात जोडून जायला सांगतो, आणि जाण्यापूर्वी त्याची जेवढी नावे माहीत आहेत तेवढी घेतो. तो कधी थंडी होऊन येतो, कधी दाह होऊन. कधी एका दिवसाआड येतो, कधी तिसऱ्या दिवशी. हिवतापाचे वर्णन आजही गावाकडे याच शब्दांत होते. या नावांमध्ये शोचिस् आहे, शोक आहे आणि अभिशोकही आहे. रोगी पलंगावर कण्हत असताना त्याच्या अंगात जे तापते आहे, त्याला शोक म्हटले आहे. इथे ना कुणी मेलेले आहे, ना कुणी रडते आहे. चुलीतल्या जाळाचा शब्द शरीरातल्या जाळाला लावला आहे, आणि कपाळाला हात लावला तर दोन्ही जाळ हाताला सारखेच लागतात. ज्याचे अंग खरोखर तापलेले आहे, त्याच्याविषयी हे बोलणे कल्पनेचे उरत नाही.

त्याच वेदाच्या तिसऱ्या कांडात २५वे सूक्त वशीकरणाचे आहे. कामदेवाचा बाण एका स्त्रीच्या हृदयात घुसावा, शुच् तिला भेदून जावी, तिच्या तोंडाला कोरड पडावी आणि ती आपल्याकडे यावी, अशी त्यात इच्छा आहे. तोंडाची कोरड हे तापाचे लक्षण आहे. म्हणजे आता शुच् अंगातून हृदयात सरकली, पण लक्षणे अजून शरीराचीच आहेत.

तिसरा पुरावा यज्ञविधीतला आहे आणि तो या साऱ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो. पशुयागात बळीचे हृदय शूलावर, म्हणजे सळईवर, भाजले जाई. विधी संपल्यावर त्या सळईचे काय करायचे, याची चर्चा शतपथ ब्राह्मणात आहे. ग्रंथ सांगतो, की मारल्या जाणाऱ्या पशूची शुच् त्याच्या हृदयात गोळा होते आणि हृदयातून सळईत उतरते. ती सळई जमिनीवर टाकली तर शुच् झाडाझुडपांत शिरेल, पाण्यात टाकली तर पाण्यात शिरेल. म्हणून जिथे कोरडी आणि ओली जमीन एकमेकींना भिडते अशा जागी ती पुरावी. या शुच् शब्दाचा अनुवाद कसा करणार? ‘दुःख’ म्हणावे तर दुःख सळईत उतरत नाही. ‘उष्णता’ म्हणावे तर सळई थंड झाली की प्रश्न मिटायला हवा होता. इथे शुच् म्हणजे प्राण्याने भोगलेली वेदना आहे आणि ती आचेसारखीच वागते. तवा चुलीवरून उतरवला तरी चटका देतो, तशी ही वेदना एका वस्तूतून दुसरीत जाते, साठते, पुढच्याला लागते आणि ओलाव्याजवळ नेऊन शमवावी लागते. आग आणि पीडा हे दोन अर्थ त्या विधीत अजून वेगळे झालेलेच नाहीत. पुढच्या काळाने त्यांची फाळणी केली. एका हिंसक विधीच्या तपशिलात त्या बळीच्या वेदनेची एवढी गंभीर दखल घेतलेली सापडावी आणि ती शोकाच्याच धातूने घेतलेली असावी, हे विसरता येण्यासारखे नाही.

४. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हे दोन वेगळेच धातू असतील, केवळ उच्चाराने सारखे. मराठीत ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सारा, तसे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर संस्कृतच्या बाहेर मिळते. इराणी भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत. संस्कृतातल्या कित्येक ‘श’कारांच्या जागी फारसीत ‘स’ येतो. श्वेत आणि सफेद ही जोडी मराठी वाचकाच्या घरातलीच आहे. शत आणि सद, म्हणजे शंभर, ही दुसरी. याच नियमाने शुच् धातूचे भावंड फारसीत स-काराने सुरू झाले पाहिजे. तसे ते होते. सोख्तन म्हणजे जळणे, सोज़ म्हणजे दाह. आणि ‘सोग’ म्हणजे? मृतासाठी पाळलेला दुखवटा. उर्दूत मोहरमच्या मजलिशीत गायल्या जाणाऱ्या विलापगीतांनाही सोज़ म्हणतात आणि ती गाणे म्हणजे सोज़ख्वानी. दोन बहिणींपैकी एकीच्या घरात सापडलेला दागिना योगायोगाने आला असे म्हणता येईल. दोघींच्या पेटीत तीच जोडी निघाली तर ती आईकडून आली असावी असाच तर्क करावा लागतो. फार तर असे म्हणता येईल, की दोघींनी ती जोडी स्वतंत्रपणे घडवली. पण तेही खरे धरले तर आगीपासून विलापापर्यंतची वाट किती स्वाभाविक आहे याचाच तो पुरावा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दुःखात माणूस जळतो असे जगभर म्हणतात, मग मधला शारीरिक मुक्काम मानायची गरजच काय? थेट उपमेने काम भागते. याचे उत्तर शोकाच्या शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर मिळते. विषाद हा शब्द सद् धातूचा, म्हणजे बसण्याचा, खचण्याचा. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग म्हणतात आणि त्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात अक्षरशः खाली बसतो. खेद हा शब्द दाबला जाणे, थकणे या अनुभवातून आला. संतापात ताप आहे. म्हणजे मनाच्या पीडेचे शब्द संस्कृतात एकामागून एक शरीराच्या स्थितीतून निघालेले आहेत. कुठे गुडघे मोडतात, कुठे छातीवर ओझे येते, कुठे अंग तापते. उपमा देणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या दिसाव्या लागतात. या शब्दांच्या जन्मवेळी शरीर आणि मन यांच्यामधली भिंत अजून उभी राहिलेली नव्हती, असे म्हणणे या सर्व उदाहरणांशी अधिक जुळते.

५. शब्द थंड होतो

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतो. चार वेद, इतिहासपुराण, गणित, तर्क, जेवढे शिकला त्याची लांबलचक यादी तो वाचतो आणि शेवटी कबूल करतो, की मला मंत्र कळतात पण आत्मा कळत नाही, आणि मी शोकात आहे. मला शोकाच्या पलीकडच्या तीराला न्या. तीराला! इथे शोक ओलांडायचा आहे, नदीसारखा. आग विझवतात, ती तरून जात नाहीत. नारदाच्या तोंडी शोक येतो तेव्हा त्याच्या कानांना त्यात जाळ ऐकू येत नसावा. कुणी गेल्यामुळे किंवा काही हरवल्यामुळे झालेलेही हे दुःख नाही. एवढे शिकूनही आतून रिकामे असण्याचे ते दुःख आहे. भगवद्गीतेत हा शब्द आणखी एका पायरीने मनाकडे सरकतो. श्रीकृष्णाचा उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू होतो तो ‘ज्यांचा शोक करू नये त्यांचा शोक करतोस’ या अर्थाच्या वाक्याने आणि अठराव्या अध्यायातल्या चरमश्लोकात पोचतो तो ‘शोक करू नकोस’ या आश्वासनापाशी. दोन्ही टोकांना शुच् धातूचीच रूपे आहेत. तरीही अर्जुन स्वतःच्या शोकाविषयी बोलतो तेव्हा तो इंद्रिये सुकवून टाकणारा आहे असे म्हणतो. जुनी कोरड अजून पुरती गेलेली नाही.

शब्द थंड झाला याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे त्याला पुन्हा तापवण्याची गरज पडली. रामायणात शोकाग्नी, शोकानल असे समास भेटतात. मूळ अर्थ धरला तर शोकाग्नी म्हणजे ‘आगीची आग’. मराठीत आपण ‘पिवळा पीतांबर’ म्हणतो, ‘गाईचं गोमूत्र’ म्हणतो. पीत म्हणजे पिवळे आणि गो म्हणजे गाय हे बोलणाऱ्याच्या मनातून गेलेले असते, म्हणून तो तेच पुन्हा जोडतो. शोकाग्नीचे तसेच आहे. कालिदासाला रघुवंशाच्या आठव्या सर्गात अजराजाचा विलाप रंगवताना तापून मऊ होणाऱ्या लोखंडाचा दाखला आणावा लागला. शब्दात आग असती तर दाखल्याची गरज नव्हती. आणि त्याच रामायणात शोकसागरही आहे. एकदा आग विसरली गेली, की त्याच शब्दाला समुद्रही चालतो. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात शुच् धातूचा अर्थ म्हणून ज्वलन दिलेलेच नाही. ‘शोक’ हा अर्थ मात्र दिला आहे. यास्काला जे मुद्दाम सांगावेसे वाटले, ते इथे गळून पडले.

याच बदलाची एक दगडावर कोरलेली खूणही आहे. ज्याच्या नावाचाच अर्थ ‘शोक नसलेला’, त्या सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात तो स्वतः सांगतो, की त्या युद्धात दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मरण पावली. पुढे त्याच्या मनाला काय झाले हे सांगताना पेशावरच्या बाजूच्या शाहबाजगढी येथील खडकावर ‘अनुसोचन’ हा शब्द आहे. अनु म्हणजे मागाहून. मागाहून झालेला शोक. डेहराडूनजवळच्या कालसीच्या खडकावर त्याच जागी ‘अनुसय’ असा निराळा शब्द आहे. आपल्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे सापडले, तेरावा मिळाला नाही. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर या जागी कोणता शब्द कोरला असता हे कळायला मार्ग नाही. राजाचे नाव बहुतेक लेखांत ‘देवानंपिय पियदसि’ असेच येते. ‘अशोक’ हे नाव मस्की, गुजर्रा अशा मोजक्याच ठिकाणी आहे. त्यामुळे नाव आणि पश्चात्ताप यांतला विरोध लेख कोरवणाऱ्यांना जाणवला असेलच असे नाही. आपण ‘अनुसोचन’चे मराठी ‘पश्चात्ताप’ करतो तेव्हा मात्र नकळत मूळ गोष्टीकडे परत जातो, कारण पश्चात्तापात ताप आहे.

६. ज्या व्युत्पत्ती खऱ्या नाहीत

शोकाच्या नावावर दोन प्रसिद्ध व्युत्पत्ती सांगितल्या जातात. त्यांतली एक सुंदर आहे, दुसरी अन्यायाची, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली रामायणाच्या बालकांडातली. तमसेच्या तीरावर व्याधाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून शाप बाहेर पडला आणि तो छंदात होता; शोक झाला तोच श्लोक झाला. काव्यविचार म्हणून ही कथा थोर आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने आपल्या काव्यसिद्धांतासाठी तिचा दाखला दिला. त्याचा टीकाकार अभिनवगुप्त तर सांगतो, की हा शोक मुनींचा खाजगी शोक समजू नये, कारण स्वतः दुःखात बुडालेला माणूस त्याच क्षणी काव्य करू शकणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने शोकाला करुण रसाचा स्थायिभाव ठरवले होते, त्याचीच ही सूक्ष्म मांडणी. पण शब्द म्हणून श्लोकाचा शोकाशी संबंध नाही. श्लोक हा श्रु म्हणजे ऐकणे या धातूशी जोडलेला आहे आणि ऋग्वेदात त्याचा अर्थ नाद, हाक, कीर्ती असा आहे. त्याची साक्ष मराठीतच आहे. अहिल्यादेवींना आपण पुण्यश्लोक म्हणतो, म्हणजे ज्यांची कीर्ती पवित्र आहे अशा. तिथे शोक लावून पाहिला तर अर्थच लागत नाही.

दुसरी व्युत्पत्ती ब्रह्मसूत्रातली. छांदोग्यातच जानश्रुती नावाच्या दानशूर माणसाला गाडीवान रैक्व ‘शूद्र’ अशी हाक मारतो आणि पुढे त्याला विद्याही देतो. मग शूद्राला ही विद्या मिळते असे ठरेल, म्हणून ब्रह्मसूत्रांचे कर्ते बादरायण म्हणतात, की इथे शूद्र म्हणजे ‘शुच्’मुळे, शोकामुळे, धावत आलेला, हंसांनी केलेला अनादर ऐकून जानश्रुतीला शोक झाला होता. ज्या अधिकरणात हे येते त्याचा हेतू शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारण्याचा आहे. शब्दाची फोड आधी ठरलेल्या निर्णयाला आधार म्हणून केली, की ती किती ओढूनताणून होते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात ही आणि अशा तऱ्हेच्या व्युत्पत्ती बनावट म्हणून बाजूला सारल्या. व्युत्पत्ती तपासताना ध्वनींचा नियम आणि जुने प्रयोग, या दोन्ही कसोट्या लावायच्या असतात. श्लोक आणि शूद्र या दोन्ही फोडी त्या कसोट्यांवर उतरत नाहीत.

७. दुसरी फांदी

शुच् धातूची एक फांदी मनाकडे गेली, तर दुसरी स्वच्छतेकडे. आग सोने उजळवते, म्हणून झळझळीत ते शुद्ध, म्हणून शुचि. त्यावरून शौच म्हणजे शुद्धी, आणि आज आपल्या शौचालयात तो शब्द येऊन थांबला आहे. मृत्यू झाला की घराला जो विटाळ मानला जातो त्याचे शास्त्रातले नाव आशौच, म्हणजे शुचि नसणे. एकाच मृत्यूने एकाच धातूचे दोन शब्द घरात येतात, शोक आणि आशौच. मराठी व्यवहारात मात्र आशौच रुळले नाही, सुतक रुळले. मूळ सूतक जन्माचे होते, सू म्हणजे जन्म देणे. पुढे ते मृत्यूलाही लागू झाले आणि मराठीने जन्माच्या विटाळाला सोहेर हे वेगळे नाव ठेवून सुतक मृत्यूकडे दिले. ‘सोयरसुतक नाही’ या वाक्प्रचारात दोघांची जोडी अजून एकत्र आहे.

८. मराठीच्या दारात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दुःख घरात राहिले आणि शोक छापील कागदावर, हे का झाले? उत्तराचा मोठा भाग उच्चारात आहे. संस्कृतातून प्राकृतात शब्द येताना दोन स्वरांच्या मधले एकटे व्यंजन झिजून जाई. जोडाक्षर असेल तर ते दुहेरी होऊन टिके. सूची या शब्दातला एकटा ‘च’ गेला आणि सुई उरली. दुग्ध मात्र दुद्ध झाले आणि मराठीत दूध म्हणून आले. भिक्षा भिक्खा होऊन भीक झाली. हाच नियम आपल्या दोन शब्दांना लावून पाहू. दुःख प्राकृतात दुक्ख झाले, जोडव्यंजनाच्या बळावर टिकले आणि मराठीत त्याला मोठा संसार लाभला. डोके दुखते, दुखणे येते, मन दुखावते, माणूस दुखणाईत होतो, दुखवटा पाळला जातो. शोकातला ‘क’ एकटा होता. महाराष्ट्री प्राकृतात ‘सोअ’ एवढेच उरले, आणि एवढ्याशा शब्दाने बोलीत तग धरणे कठीण. आज आपण वापरतो तो शोक आजीकडून नातीकडे आलेला नाही. तो पुराणिक आणि कीर्तनकार, पुढे छापखाना आणि वर्तमानपत्र यांच्या हातून संस्कृत रूपातच पुन्हा घेतलेला आहे. म्हणून त्याला पाहुण्यासारखी बैठकीची जागा मिळाली, स्वयंपाकघराची नाही.

यावर कुणी म्हणेल, की राष्ट्रीय दुखवटाही जाहीर होतो, मग दुःखाच्या घराण्यातलाही शब्द सरकारी झालाच की. झाला, पण उलट्या दिशेने. दुखवटा घराघरांत पाळला जात होता, तो शासनाने उचलला. शोकसभा मात्र आधी सभेसाठीच घडली. शोकांतिका हा शब्दही तसाच, नाटकांच्या चर्चेसाठी जुळवलेला.

त्याच ध्वनिनियमाची दुसरी बाजू हिंदीत दिसते. शोच्यते या रूपातले ‘च्य’ जोडाक्षर होते, त्यामुळे ते ‘च्च’ होऊन टिकले आणि त्यातून हिंदी ‘सोचना’ निघाले. आधी शोक करणे, मग काळजी करणे, मग नुसते विचार करणे. आपण मराठीत नेमका उलटा प्रवास केला आहे. चिंता म्हणजे मुळात विचार. चिंतनात तो अर्थ शिल्लक आहे, पण चिंता मात्र काळजी झाली. हिंदीत दुःख विचारापाशी पोचले, मराठीत विचार दुःखाच्या उंबरठ्यावर आला.

शुच् धातूची आग विझली तरी ज्या अनुभवातून ती पेटली तो कुठे गेला नव्हता. मराठीने त्यासाठी संस्कृतकडे पाहिले नाही, चुलीकडे पाहिले. मन होरपळते, काळीज करपते, जीव पोळतो, माणूस आतल्या आत जळतो. अन्याय सोसलेल्याचे तळतळणे कढईतल्या तळण्याला लागून आहे आणि तळतळाट लागतो असे म्हणताना शतपथातल्या सळईचीच समजूत बोलते, की भोगलेली आच दुसऱ्याला जाऊन लागते. संताप मात्र मराठीत रागाकडे वळला. संस्कृतात तो दुःखाचाही होता. आणि तरुण वयात गेलेल्या माणसाविषयी छापील बातमीत कुटुंब शोकसागरात बुडालेले असते, तेव्हा ओसरीवर बसलेली म्हातारी पदराने डोळे टिपत म्हणते, ‘चटका लावून गेलं पोर.’